लेकराला भेटायला गेलात, तर जेवायचं कुठं?

दोन वर्षांमागची गोष्ट. पावसाळा संपत आला होता. आम्ही दोघं नवरा-बायको परभणीहून लेकीला भेटायला औरंगाबादला गेलो. सरकारी कागदावर आता छत्रपती संभाजीनगर आहे, पण आमच्या वस्तीत सगळ्यांच्या तोंडात औरंगाबादच बसलेलं, म्हणून इथंही तेच लिहितो. लेक नागसेनवनात शिकते. सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही, म्हणून जवळच कॉट बेसिसवर चार मुलींत राहते.

पहाटे पाचला निघालो. आमच्यापैकी एकाला सहा वर्षांपासून शुगर आहे. निघायच्या घाईत शुगरची गोळी घेतली, वर अर्धा कप चहा आणि दोन बिस्किटं. पिशवीत डबा होता. ज्वारीच्या आठ भाकरी, अंड्याचं कालवण, सुकटीची चटणी, शेंगदाण्याची चटणी, एक कांदा. गाडीत समोरच्यांनी डबे उघडले. आम्ही उघडला नाही. डबा लेकीचा होता ना! जालना गेलं, औरंगाबाद आलं, रिक्षा करून आम्ही नागसेनवनात पोचलो. लेकीचं प्रॅक्टिकल एक वाजेपर्यंत होतं. लिंबाच्या झाडाखाली बसून राहिलो.

साडेबाराच्या सुमारास आमच्यापैकी शुगरवाल्याचे हात थरथरायला लागले. अंगाला दरदरून घाम सुटला, आणि ऊन तर नव्हतंच. छातीत धडधड. मग बोलणं अडखळायला लागलं, "गाडी किती वाजता आहे?" हा एकच प्रश्न तीनदा विचारला. दुसऱ्याला वाटलं, हार्टचा झटकाच आला. शेजारच्या चहाच्या टपरीवर दोन विद्यार्थी उभे होते. त्यातला एक पोरगा पळत आला, बघितलं आणि म्हणाला, "काकू, काकांना शुगर आहे का? जेवलेत का?" त्याच्या आजीलाही असंच व्हायचं म्हणे. त्यानं टपरीवरनं ग्लासभर पाण्यात साखर ढवळून आणली. दहा-पंधरा मिनिटांत माणूस माणसात आला.

डबा तेव्हाही मांडीवरच होता. भरलेला, झाकण न उघडलेला.

हा प्रसंग सांगायला आम्हाला लाज वाटते, पण सांगतो. कारण नंतर वस्तीत चौकशी केली, तर असं बहुतेक घरांत होतं. पोरगा पुण्याला, पोरगी नागपूरला, आणि त्यांना भेटायला जाणारे आईबाप दिवसभर उपाशी. हॉटेलात गेलो तर पैसे जातील, डबा खाल्ला तर लेकराला कमी पडेल, आणि अनोळखी शहरात कुठं शिरावं ते कळत नाही. मग चहावर चहा. संध्याकाळी परतीच्या स्टँडवर एक वडापाव. घरी आल्यावर दोन दिवस डोकं दुखतं, पित्त होतं, आणि आपण म्हणतो प्रवास बाधला.

आधी शुगरचं सांगून टाकतो, कारण ते जिवाशी आहे. शुगर वाढल्याची भीती सगळ्यांना असते. शुगर अचानक खाली जाणं हे त्याहून झटपट घात करतं. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गोळ्या आणि इन्सुलिन ही औषधं पोटात अन्न असो-नसो, साखर खाली ओढतात. म्हणून ती घेऊन उपाशी राहायचं नसतं. नुसती मेटफॉर्मिन असेल तर हा धोका बराच कमी. पण आपल्याला बहुतेकदा एकाच गोळीत दोन औषधं दिलेली असतात, म्हणून पाकिटावरचं नाव लेकराकडून वाचून घ्या, किंवा दवाखान्यात विचारा. प्रवासाच्या दिवशी गोळी कधी घ्यायची, हेही डॉक्टरांनाच विचारा; मनानं बंद करू नका.

हात थरथरणं, घाम, धडधड, एकदम कडकडून भूक, चिडचिड, बोलणं भरकटणं, असं दिसलं की माणूस शुद्धीवर असताना चहाचे तीन-चार चमचे साखर पाण्यात ढवळून पाजा. ग्लुकोज पावडर असली तर तीही तेवढीच. बिस्किट, पेढा, चॉकलेट यांनी वेळ लागतो, कारण तुपातेलामुळे साखर रक्तात उशिरा उतरते. पंधरा मिनिटांत फरक पडला नाही तर पुन्हा तेवढंच द्या. बरं वाटलं की लगेच जेवायला बसवा, नाहीतर थोड्या वेळानं पुन्हा तेच. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन लावा. आम्ही आता प्रवासात खिशात साखरेची पुडी ठेवतो. तंबाखूची पुडी ठेवणाऱ्यांना हे काही जड नाही.

बाया पाणीच पीत नाहीत, हा दुसरा घोळ. गाडीतला संडास घाण, स्टँडवरचा त्याहून घाण, मग पाणीच नको. आमच्यातल्या बाईनं त्या दिवशी पहाटेपासून दुपारपर्यंत दोन घोट पाणी प्यायलं होतं. उन्हाळ्यात मराठवाड्यात असं केलं तर चक्कर येते, लघवीला जळजळ होते. बीपीसाठी लघवीची गोळी चालू असेल तर अजून त्रास. म्हणून जेवायची जागा बघताना संडासही बघायचा. खोटं वाटेल, पण आमच्या हिशोबात निम्मी हॉटेलं इथंच बाद होतात.

डबा आहे पण पाणी नाही, यावरून बाबासाहेबांची आठवण आल्याशिवाय राहत नाही. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये त्यांनी लिहून ठेवलं आहे. १९०१ साली साताऱ्याहून भाऊ आणि भाच्यांसोबत ते वडिलांना भेटायला गोरेगावला निघाले. मसूर स्टेशनवर उतरले. घ्यायला कुणी आलं नव्हतं. बैलगाडीचा रस्ता रात्रीचा, सोबत भरपूर जेवण होतं, पण महारांच्या पोरांना पाणी कोण देणार? पोरं भरलेले डबे जवळ ठेवून उपाशी झोपली. तिथं लेकरं बापाला भेटायला निघाली होती. आज आपण लेकरांना भेटायला निघतो. त्यांना पाणी मिळू दिलं नाही म्हणून ते उपाशी राहिले. आपल्याला पाणीही मिळतं, जेवणही मिळतं, आणि आपण आपल्याच हातानं उपाशी राहतो.

असो. एक वाजता लेक आली. बापाचा पांढरा पडलेला चेहरा बघून तिला रडू फुटलं. तिला आम्हाला चांगल्या हॉटेलात न्यायचं होतं, एसी वगैरे असलेल्या. आम्ही म्हटलं, "तू कुठं जेवतेस? तिथंच चल." ती टाळायला लागली. "पप्पा, तिथं काय आहे? साधी मेस आहे. तुम्हाला नाही आवडणार." पोरगी टाळते म्हटल्यावर आम्हाला जास्तच वाटलं की तिथंच गेलं पाहिजे.

या लेखात आम्हाला एकच गोष्ट सांगायची आहे, ती इथं आली. लेकराला भेटायला गेलात तर पहिलं जेवण त्याच्या मेसमध्ये करा.

मेस म्हणजे एका घराच्या खालच्या मजल्यावर दोन खोल्या. पुढच्या खोलीत चार टेबलं, मागं स्वयंपाक. मावशी साधारण आमच्याच वयाच्या. आम्ही विचारलं, गेस्ट चालतात का? "चालतात की, दादा. सकाळी नऊच्या आत सांगत जा म्हणजे पोळ्या कमी पडत नाहीत. ताई, हात धुवायला इकडं या." ताटाचे ७० रुपये. तीन पोळ्या, बटाट्याची भाजी, वरण, भात, लोणचं. गरम होतं, स्वच्छ होतं. पण वरणाची वाटी तिरपी केली की तळाशी डाळ दिसायची नाही. पोरं भराभरा जेवत होती. भाताचा डोंगर, त्यावर ते पाणी.

मग मावशीच सहज बोलून गेल्या, "तुमची मुलगी गुणी आहे हो, पण एकाच टायमाची मेस लावली तिनं. म्हटलं दोन टाइम लाव, तर म्हणते रात्री भूक नसते."

आम्ही तिच्या तोंडाकडं बघितलं. ती ताटात बघत होती. दोन वेळचे पैसे आम्ही दर महिन्याला पाठवत होतो. एक वेळचे वाचवून तिनं स्पर्धा परीक्षेची पुस्तकं घेतली होती, आणि एका मैत्रिणीची फी भरायची राहिली होती, तिला दिले होते. रात्री काय खातेस? टोस्ट, चहा, कधी मॅगी. फोनवर रोज विचारायचो, "जेवलीस का?" रोज "हो" म्हणायची. खोटंही नव्हतं ते. दुपारी जेवायचीच की.

एसी हॉटेलात गेलो असतो तर हे आम्हाला कळलं नसतं. पोरीनं आग्रह करकरून पनीर खाऊ घातलं असतं, बिल तिनंच भरायचा हट्ट केला असता, आणि त्या महिन्यात अजून चार रात्री टोस्टवर काढल्या असत्या. पोरं असं करतात. आईबाप आले की महिन्याचे पैसे एका दुपारी उडवतात. म्हणून बिल आपण द्यायचं.

दुसऱ्या दिवशी थांबलो आणि तिला घाटीत नेलं. जिना चढताना दम लागतो, केस गळतात, पाळीत चक्कर येते, हे तिनं आईला रात्री सांगितलं होतं. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ८.६. बाईला किमान १२ पाहिजे. महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त बाया आणि मुलींच्या अंगात रक्त कमी आहे, असं सरकारच्या पाहणीतच आलेलं आहे. आपली पोरगी त्यात असेल असं मात्र कुणाला वाटत नाही. लोहाच्या गोळ्या मिळाल्या, सरकारी दवाखान्यात त्या फुकट असतात. त्या जेवणानंतर लिंबूपाण्याबरोबर घेतल्या तर त्रास कमी होतो आणि लोह अंगाला लागतं. गोळीच्या किंवा जेवणाच्या मागंपुढं तासभर चहा नको, चहा लोह अडवतो. संडास काळी होते, घाबरू नका. हिमोग्लोबिन वाढलं म्हणून गोळ्या लगेच सोडायच्या नाहीत, डॉक्टर सांगतील तेवढे महिने घ्यायच्या, नाहीतर अंगातला साठा रिकामाच राहतो.

आता मेसमध्ये गेल्यावर काय बघायचं? वरणात डाळ किती, हे पहिलं. ५० किलो वजनाच्या मुलीला दिवसाला ४० ग्रॅमच्या आसपास प्रोटीन लागतं. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम असतं. पातळ वरणाच्या वाटीत त्याच्या निम्मंही मुश्किलीनं. हिरवी भाजी आठवड्यात किती वेळा, उसळ किती वेळा, बटाटा किती वेळा, हे लेकराला नाही, शेजारी बसलेल्या पोरांना विचारा. ती खरं सांगतात, वर हसतात. पिण्याचं पाणी कुठनं भरतात ते डोळ्यांनी बघा. आणि मावशींशी भांडू नका. त्या पैशांत त्या तरी किती डाळ घालणार? आम्ही त्यांना विचारलं, रोज एक उकडलेलं अंडं वेगळं देता येईल का? वरचे पैसे घेऊन त्या तयार झाल्या. आता तिथं आठ-दहा पोरं अंडं घेतात.

काही मेसमध्ये अंडं चालत नाही. मांसाहार चालत नाही म्हणून पाटी असते, आणि कधी पाटीच्या आड दुसरंच असतं. एका खानावळीत आम्हाला ताट वाढायच्या आधी "आडनाव काय?" म्हणून विचारलं गेलं. आम्ही आडनाव सांगितलं आणि उठून बाहेर आलो. जेवणाच्या ताटाला आडनाव लागत असेल तर ते ताट आपल्याला नको, आपले ७० रुपये दुसरीकडं चालतात. पण लेकरं अशा ठिकाणी महिनोन्महिने मुकाट्यानं जेवत राहतात, कारण ते खोलीपासून जवळ असतं. त्यांना विचारा. खोलीवर सुकट भाजायला घरमालक बंदी घालतो, मेसमध्ये अंडं नाही, मग जे अन्न खाऊन ती वाढली तेच नेमकं बंद होतं. शाकाहारी राहून तब्येत चांगली ठेवता येते, पण मग डाळ, उसळ, शेंगदाणे, दूध-दही भरपूर पाहिजे. पाणीदार वरणावर नाही.

पैशांचंही बोलून घेऊ. वसतिगृहात नंबर न लागलेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, बऱ्याच घरांना ठाऊक आहे. औरंगाबादसारख्या शहरासाठी त्यात वर्षाला ५१,००० रुपये धरले, त्यातले २८,००० जेवणाचे. कॉलेजचे दहा महिने धरले तर महिन्याला २,८०० रुपये फक्त जेवणाला. पुण्या-मुंबईत जेवणाचे ३२,००० धरले. पण हे पैसे हप्त्यानं खात्यात येतात, आणि मेसचे पैसे पहिल्या तारखेला द्यावे लागतात. त्या मधल्या काळात पोरं एक वेळ काढून टाकतात. म्हणून आम्ही आता मेसचे पैसे पोरीच्या हातात देत नाही, मावशींना थेट फोनवरनं पाठवतो, दोन्ही वेळचे. पोरगी थोडी रागावली. रागावू दे. पुस्तकाचे वेगळे माग म्हटलं.

रविवारी जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. बहुतेक शहरांत मेसला रविवारी दुपारी काहीतरी गोडधोड किंवा चिकन असतं आणि रात्री सुट्टी. आपण कामावरनं सुट्टी मिळते म्हणून रविवारीच जातो. दुपारचं मेसमध्ये जेवा आणि आणलेला डबा लेकराच्या रविवार रात्रीसाठी ठेवा. असं केलं तर डबा खरा उपयोगी पडतो. पुण्यात पेठांमधल्या पोरांचंही हेच, रविवार रात्र म्हणजे वडापाव. आणि १४ जानेवारीला औरंगाबादला जाणार असाल, तर त्या दिवसाचा वेगळा विचार करा. १९९४ च्या नामविस्तारापासून विद्यापीठाच्या गेटवर त्या दिवशी माणसांचा पूर असतो. मेस, हॉटेल, टपरी, सगळीकडं रांगा. त्या दिवशी सकाळी गाडीतच पोटभर खाऊन उतरा आणि गेटला वंदन करून मग लेकराला गाठा.

मेसमध्ये जमलंच नाही तर? साधी थाळीची खानावळ बघा, जिथं रिक्षावाले, हमाल, दवाखान्यात पेशंट घेऊन आलेले लोक जेवतात. तिथं अन्न सकाळपासून तापवत ठेवलेलं नसतं, कारण गर्दीनं संपत राहतं. घाटीसारख्या मोठ्या सरकारी दवाखान्याच्या आसपास अशा जागा असतातच. मेनूकार्ड वाचता येत नसेल तर लाजू नका, शेजारच्या ताटाकडं बोट करा आणि भाव आधी विचारा. शिवभोजन केंद्र चालू असेल तर तिथं १० रुपयांत दोन चपात्या, वाटीभर भाजी, वरण आणि भात मिळतो. चपात्या ३० ग्रॅमच्या, म्हणजे लहान; दोन भाकरी मोडणाऱ्याला कमी पडेल. पण शुगरवाल्याला वेळेवर मिळालेली ती थाळी तीन कप चहापेक्षा लाख पटीनं बरी. केंद्र दुपारी थोडाच वेळ असतं, म्हणून लेकराला आधी बघून ठेवायला सांगा. लेकरू नांदेडला शिकत असेल तर तुमचं भाग्य. हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या लंगरात कुणीही जावं, डोकं झाकावं, पंगतीत बसावं, पोटभर जेवावं. पैसे नाहीत, आडनाव नाही. आम्ही एका लग्नाहून येताना तिथं जेवलो, आणि बाहेर पडल्यावर बराच वेळ दोघंही काही बोललो नाही.

औरंगाबादला गेलात आणि हौस करायची असेल तर नान-खलिया खा, जुन्या शहरात शहागंज, सिटी चौकाच्या बाजूला. दौलताबादला आलेल्या तुघलकाच्या फौजेपासून तो पदार्थ इथं राहिला असं सांगतात. मोठा पिवळसर नान आणि मटणाचा मसालेदार रस्सा. लेकीला आम्ही दुसऱ्या दिवशी मुद्दाम तिथं नेलं, रक्त कमी असलेल्याला मटण, कलेजी यांतलं लोह लवकर लागतं. पण नान मैद्याचा आणि वर तेलाचा थर. शुगर, बीपीवाल्यांनी एक प्लेट दोघांत घ्यावी, तर्री बाजूला सारावी, कांदा-लिंबू जास्त घ्यावं. रस्सा परत मागू नये. आम्ही मागितला, ते खरं आहे.

टाळायचं म्हणाल तर कापून ठेवलेली फळं, उघडा उसाचा रस, बर्फ, काळ्या पडलेल्या तेलातली भजी, आणि पातेल्यात कोमट पडून राहिलेला भात. जुलाब लागले तर ओआरएसची पुडी एक लिटर पाण्यात, सगळी एकदम. अर्धी पुडी अर्ध्या ग्लासात नाही.

डब्याबद्दल बायांना सांगणं आहे. कालवण, अंडी, भात हे लेकरापर्यंत न्यायचं नाही, उन्हाळ्यात तर नाहीच. गाडीत चार-पाच तासांत ते खराब होऊ लागतं, आणि वास येईपर्यंत वाट बघायची नसते. ओलं असेल ते आपण वाटेत सकाळी नऊच्या आत खाऊन टाकायचं. लेकराला कोरडं न्या. शेंगदाण्याची चटणी, जवसाची, कारळाची चटणी, भाजलेले फुटाणे आणि गूळ, धपाटे, शेंगदाण्याचे लाडू, भाजून कोरडी केलेली सुकट घट्ट झाकणाच्या बरणीत. मूठभर फुटाणे-शेंगदाणे रोज रात्री खाल्ले तरी टोस्टपेक्षा किती तरी बरं. डब्याचे दोन भाग करा, एक वाटेचा, एक लेकराचा, आणि वाटेच्या डब्याला "हा तुझ्यासाठी" असं कुणी म्हणायचं नाही.

मागच्या महिन्यात पुन्हा गेलो. जालन्याच्या अलीकडं डबा उघडला, दोन-दोन भाकरी आणि कालवण खाल्लं, वर बाटलीतलं पाणी. मावशींना आदल्या रात्रीच फोन केला होता. लेकीचं हिमोग्लोबिन आता ११.४ आहे. मेसमध्ये पोचलो तर तिची ताटली आधीच वाढलेली होती, बाजूला सोललेलं अंडं. ती म्हणाली, "पप्पा, गोळी घेतली का? काय खाल्लं होतं त्याच्यावर?" आणि उत्तर ऐकून घेईपर्यंत तिनं घास उचलला नाही.